नाव छापण्याआधी वस्तू निवडा: गिऱ्हाइकाला द्यायच्या भेटीचं सविस्तर मार्गदर्शन

संक्रांतीच्या आधी घराघरात वाण ठरवण्याची जी चर्चा होते, ती कधी नीट कान देऊन ऐका. "गेल्या वर्षी डबे झाले, ते आता सगळ्यांकडे आहेत. यंदा चहाची गाळणी देऊ या. ती सारखी खराब होते, प्रत्येकीला लागतेच." चाळीस जणी, बजेट ठरलेलं, सगळ्यांना सारखंच द्यायचं, आणि पाहायचं ते एवढंच: ही वस्तू तिच्या ओट्यावर राहील, की पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरी जाईल?

मी गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात कंपन्यांना आणि दुकानदारांना नाव छापलेल्या भेटवस्तू पुरवतो. लाख-दोन लाख खर्च करणारी माणसं माझ्याकडे येतात, पण वाण निवडणारी बाई जो प्रश्न सर्वात आधी विचारते तो बहुतेक जण विचारतच नाहीत. "पेन कितीला पडेल? लोगो केवढा येईल?" इथूनच सुरुवात होते. मग दिवाळीत दिलेल्या वस्तू होळीपर्यंत ड्रॉवरच्या तळाशी जातात. लग्नातला फिरता आहेर आपण सगळ्यांनी पाहिलाय. तुमच्या कंपनीचं नाव घेऊन फिरणारा आहेर होऊ नये, म्हणून हा लेख.

आधी माणूस, मग वस्तू

तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवणारे एक दुकानदार माझ्याकडे आले. "दादा, पाचशे पेन करून द्या, चांगले चकचकीत." मी त्यांना म्हटलं, पेन देतो, पण आधी तुमच्या एका गिऱ्हाइकाचा जून महिन्यातला दिवस मला सांगा. पहाटे उठल्यापासून.

ते सांगू लागले. साडेपाचला धारा. मग डेअरीवर दूध घालायचं. तिथे चार जण भेटले की पहिला विषय पावसाचा: तुमच्याकडे किती झाला? नऊच्या सुमारास शेतात. दुपारी जेवण, थोडी झोप. बाजाराच्या दिवशी तालुक्याला, तेव्हा दुकानात चक्कर. या सगळ्या दिवसात पेन कुठे आलं? डेअरीच्या कार्डावर नोंद डेअरीवाला करतो. दुकानात पावती दुकानदार लिहितो. पेन आलंच नाही.

पण "तुमच्याकडे किती झाला?" हा प्रश्न रोज आला. त्याचं उत्तर मात्र "चांगला झाला", "ओल टिचभर गेली" असं अंदाजानं. आम्ही पाचशे पेनांऐवजी दोनशे साधे पर्जन्यमापक केले. कुंपणाच्या खांबाला लावायची पारदर्शक नळी, बाजूला मिलिमीटरच्या खुणा, खाली दुकानाचं नाव. सोबत जून ते सप्टेंबरच्या रोजच्या नोंदीचं जाड कार्ड. कार्डावर तीन ओळी छापल्या: नळी उघड्यावर लावा, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट तरी अंतर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणीही साडेआठलाच होते. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे एकरी साधारण ४,००० लिटर पाणी.

त्या पावसाळ्यात डेअरीवरच्या गप्पांत आकडे आले. "माझ्याकडे बावीस." "बांधापलीकडे सतराच आहे." नळी दुकानाची, आणि पेरणी कधी करायची याचा सल्लाही त्याच दुकानाचा. वस्तू आणि धंदा एकमेकांना लागून बसले.

तेव्हा पहिली पायरी ही: कागद घ्या आणि तुमच्या नेहमीच्या एका गिऱ्हाइकाचा दिवस लिहून काढा. "सर्व वयोगटातील ग्राहक" असं लिहू नका. एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या हातात काय असतं, खिशात काय असतं, तो कशासाठी थांबतो, कुठे अडतो. तुमच्या भेटीची जागा त्या कागदावरच असते.

वस्तूनं तुमच्या धंद्याचंच काम करावं

ब्रँडला शोभणारी भेट म्हणजे लोगोच्या रंगाची भेट, असा एक समज आहे. रंग जुळला तर छानच, पण खरी जुळणी कामाची असते. तुम्ही गिऱ्हाइकाला जे देतो म्हणता, त्याचाच एक लहानसा तुकडा त्या वस्तूत दिसला पाहिजे.

हार्डवेअरच्या दुकानदारानं सुताराला चपटी पेन्सिल द्यावी. ती कानावर बसते, उतरत्या फळीवरून घरंगळत नाही, आणि संपते, म्हणजे पुढची घ्यायला माणूस दुकानात येतो. इलेक्ट्रिकच्या दुकानानं वायरमनला चांगला टेस्टर द्यावा. चष्म्याच्या दुकानानं काच पुसायचं मऊ कापड द्यावं, आणि ते दर वेळी द्यावं. पतसंस्थेनं पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडी बचत भरणाऱ्या खातेदाराला पासबुक मावेल असं पाकीट द्यावं. भाजीवाल्याच्या ओल्या हातात ते पुस्तक वर्षभर तग धरत नाही. सराफांनी दिलेली ती छोटी चेनची पर्स कितीतरी आयांनी वर्षानुवर्षं कपाटात जपलेली असते, कारण दागिना ठेवायला दुसरी जागाच नसते. क्लासवाल्यांनी परीक्षेचं पॅड द्यावं, पण त्याची क्लिप घट्ट हवी आणि कडा हाताला न लागणारी.

कीटकनाशकं विकणाऱ्यांसाठी मला मनापासून एक सुचवायचंय. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध विकणाऱ्या दुकानानं टोपी आणि टी-शर्ट वाटण्यापेक्षा फवारणीचे हातमोजे आणि डोळ्यांचा गॉगल द्यावा. हातमोजे नायट्राइल रबराचे हवेत, कापडी नकोत. कापड औषध शोषून घेतं आणि ते कातडीला लावून ठेवतं. या भेटीवर नाव लहान असलं तरी चालेल. घरच्या माणसाची काळजी कोणी केली, हे त्या घरात लक्षात राहतं.

उलट जुळणी असेल तर नुकसान होतं. सेंद्रिय माल विकणाऱ्याकडून प्लॅस्टिकचं खेळणं, "टिकाऊ" फर्निचरवाल्याकडून आठ दिवसांत तुटणारी किचेन. वस्तू तुटते तेव्हा तिच्यावर तुमचंच नाव असतं.

पैशांचा हिशोब नगावर नको, वापरावर करा

समजा, एक पेन ६ रुपयांचं आणि एक कापडी पिशवी ७० रुपयांची. पेन बारापट स्वस्त. पण ते पेन आठ दिवसांत हरवलं किंवा सुकलं, आणि पिशवी आठवड्यातून दोनदा मंडईत गेली, तर वर्षात ती शंभर वेळा चारचौघांत फिरली. एका फेरीला सत्तर पैसे पडले. हा सरळ भागाकार प्रत्येक पर्यायासाठी करा.

दुसरं, वस्तूची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. छपाईचा स्क्रीन प्रत्येक रंगाला वेगळा लागतो, त्याचे पैसे वेगळे. पॅकिंग, वाहतूक, जीएसटी, शिवाय नमुन्याचा खर्च. शंभर नगांसाठी तीन रंगांची छपाई महाग पडते. एकाच रंगात केली तर तेच पैसे कापडात घालता येतात, आणि मी नेहमी कापडात घाला असंच सांगतो.

तिसरं: सगळ्यांना सारखं द्यायचं की दोन थर करायचे, हे आधीच ठरवा. एकाच कार्यक्रमात, एकाच काउंटरवर वाटायचं असेल तर सारखंच द्या. शेजारच्याला थर्मास आणि आपल्याला पेन, हे माणूस विसरत नाही. मोठ्या गिऱ्हाइकांना वेगळं द्यायचंच असेल तर घरी किंवा ऑफिसात जाऊन द्या.

कायद्याच्या या गोष्टी ऑर्डरआधी पाहा

हा भाग कोरडा आहे, पण इथे चुकलात तर छापलेला माल गोडाऊनमध्ये पडून राहतो.

पिशव्या: महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. बाजारात "कापडी" म्हणून जी नॉनवोव्हन पिशवी मिळते ती कापडासारखी दिसते, पण असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. देशपातळीवरही ६० जीएसएमपेक्षा (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा) पातळ नॉनवोव्हन पिशवीवर ३० सप्टेंबर २०२१ पासून बंदी आहे. ओळखायचं असेल तर एक धागा ओढून पाहा. विणलेल्या कापडाचा धागा निघतो, हिचा निघत नाही.

झेंडे: १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे झेंडे आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या देशभर बंद आहेत. कागदी किंवा कापडी तिरंगा वाटणार असाल तर त्याच्यावर कंपनीचं नाव छापू नका; राष्ट्रध्वजावर कोणताही मजकूर लिहायला मनाई आहे, आणि जाहिरातीसाठी ध्वज वापरता येत नाही.

महाराजांचं चित्र: हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. धंद्यासाठी ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. दिनदर्शिकेला सवलत आहे, पण तीही तिच्यावर फक्त दिनदर्शिका काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि ती मालाच्या जाहिरातीसाठी नसेल तरच. महाराजांच्या चित्राखाली "आमच्याकडे सिमेंट व पत्रे मिळतील" असं छापायला माझ्याकडे लोक येतात. मी ते काम घेत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मला ते बरं वाटत नाही.

कर: भेट म्हणून फुकट दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) तसं सांगतं. म्हणजे तो कर तुमच्या खर्चातच धरायचा. मात्र "या खरेदीवर ही वस्तू" अशी एकत्र किमतीची योजना असेल तर तिचा हिशोब वेगळा होतो, मार्च २०१९ च्या परिपत्रकात त्याचा खुलासा आहे. योजना जाहीर करण्याआधी सीएला दाखवा. शिवाय डीलर, रंगारी, कंत्राटदार अशा धंद्यातल्या माणसाला वर्षात २०,००० रुपयांवर भेटी दिल्या तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएसची (देणाऱ्यानं कापून भरायच्या कराची) तरतूद आहे. ज्यांची उलाढाल मोठी आहे त्यांनी हे तपासायलाच हवं.

औषध कंपन्यांचं गणित निराळं. त्यांच्यासाठीच्या मार्च २०२४ च्या सरकारी संहितेनं डॉक्टरांना वैयक्तिक भेटी द्यायला बंदी केली आहे. माहितीपर किंवा शैक्षणिक वस्तूला तेवढी मर्यादित मुभा आहे.

पिशवी, बाटली, कॅलेंडर: हातात घेऊन पाहायच्या गोष्टी

पिशवीवर मी जरा जास्त बोलणार, कारण सर्वात जास्त तीच मागितली जाते आणि सर्वात जास्त तीच फसते.

कापड साधं मांजरपाट घ्या, पण हाताला गच्च लागणारं. उजेडाकडे धरून पाहा. पलीकडची बोटं मोजता येत असतील तर ते कापड भाजीच्या ओझ्याला टिकणार नाही. दुकानात कापड कडक लागतं त्यात खळीचा वाटा असतो, म्हणून नमुना घरी आणून एकदा धुवा. धुतल्यावर किती आटली ते पट्टीनं मोजा. मग पाच किलो बटाटे घालून रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवा. सकाळी बंदाच्या मुळाशी पाहा. बंद नुसता काठाला एका टिपेनं शिवला असेल तर तिथे टाके ताणलेले दिसतील. बंद काठाखाली दीड-दोन इंच उतरवून, चौकोन शिवून त्यात फुली मारलेली असेल तर तो हलत नाही. शिवणाऱ्याला त्यासाठी नगामागे थोडे जास्त पैसे द्यावे लागतात. द्या.

बंदाची लांबी खांद्याला अडकवता येईल एवढी ठेवा. तळाला रुंदी द्या, म्हणजे डबा आडवा होत नाही. आणि आतल्या बाजूला एक छोटा खिसा असेल तर सुट्टे पैसे आणि किल्ली राहते. त्या खिशामुळे पिशवी मंडईपुरती न राहता रोजची होते. कोपऱ्यावरचा किराणावाला ज्या पिशवीला "द्या इकडे" म्हणून सहज हात करतो, ती पिशवी चांगली.

शिवण्याचं काम शक्य असेल तर बचत गटाला द्या. पहिल्या लॉटला वेळ थोडा जास्त धरा, एक नमुना शिवून तोच सगळ्यांसमोर ठेवा. काम नीट होतं, आणि पिशवीसोबत सांगायला खरी गोष्ट असते.

स्टीलची बाटली देणार असाल तर ३०४ ग्रेडचं स्टील मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. थर्मासवर आयएसआयची खूण आहे का पाहा. नमुन्याची बाटली पाणी भरून वर्तमानपत्रावर रात्रभर आडवी ठेवा. सकाळी कागद कोरडा हवा. झाकणाची रबरी चकती निघते का, धुता येते का, तेही पाहा. ती निघत नसेल तर महिन्यात वास मारते आणि बाटली माळ्यावर जाते.

पॉवर बँक मी शक्यतो नको म्हणतो. स्वस्तातल्या पॉवर बँकवर लिहिलेली क्षमता आणि आतली क्षमता जुळेलच असं नाही, आणि ती फुगली तर तुमच्या नावानिशी फुगते. द्यायचीच असेल तर बीआयएस नोंदणीची घ्या, बिल जपा.

दिनदर्शिकेचा मोह सगळ्यांना होतो. पण मराठी घरात भिंतीवरची जागा १९७३ पासून कालनिर्णयनं धरून ठेवली आहे. तिथे दुसरं कॅलेंडर आलं तर ते दाराच्या मागे जातं. त्या भिंतीशी झुंजू नका. दुकानात, ऑफिसात, गोठ्यात लावायचं कॅलेंडर करा आणि लिहायला मोठे चौकोन द्या. घरातली बाई कॅलेंडरवर काय लिहिते ते पाहा: दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींच्या सुट्ट्या. यासाठी कागद लिहिण्याजोगा हवा. चकाकणाऱ्या आर्ट पेपरवर शाई फिसकटते, न चकाकणारा मॅपलिथो कागद घ्या. चित्र थोडं फिकं दिसेल, पण कॅलेंडर वर्षभर लिहिलं जाईल.

पर्जन्यमापकासारखी उघड्यावर राहणारी वस्तू असेल तर खुणा छापलेल्या नकोत, साच्यातच उठलेल्या हव्यात. छपाई उन्हानं उडते. सरळ नळीवर १ मिलिमीटरची खूण पट्टीच्या १ मिलिमीटरएवढीच हवी, ती पट्टी लावून ताडून पाहा. आमच्या पहिल्या नमुन्यात ती चुकलेली होती. तशीच वाटली असती तर दोनशे शेतांत रोज चुकीचा पाऊस पडला असता.

नाव छापताना

नाव लहान ठेवा. हे दुकानदारांना पटवायला मला सर्वात जास्त वेळ लागतो. मोठ्या लोगोची पिशवी घेऊन माणूस लग्नाला जात नाही, बँकेत जात नाही. एका कोपऱ्यात, सुबक, तळहाताएवढं नाव असेल तर तीच पिशवी सगळीकडे जाते. नाव, गाव आणि एक ओळ पुरे. पत्ते, तीन-तीन मोबाइल नंबर, मालकांची नावं, शाखांची यादी नको. नंबर एकच द्या आणि तो निदान पाच वर्षं बदलणार नाही असा द्या.

क्यूआर कोड छापणार असाल तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती कोरी जागा हवी, आणि गोल पेनावर किंवा बाटलीच्या वळणावर नको. फुकट कोड बनवून देणाऱ्या काही साइटचे कोड काही दिवसांनी बंद पडतात; कोड तुमच्या स्वतःच्या वेबसाइटचा किंवा थेट तुमच्या नंबराचा करा, आणि छापण्याआधी तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा.

आता मराठी अक्षराबद्दल. ही चूक माझ्या हातून झालेली आहे, म्हणून खोलात सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आठशे पिशव्या मी छापून दिल्या. नावात "कृषी" होतं आणि "केंद्र" होतं. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं बरोबर दिसत होतं. मी फाइल तशीच स्क्रीनवाल्याकडे पाठवली. त्याच्याकडे तो फॉन्ट नव्हता. छापून आलं तेव्हा "केंद्र"मधला द आणि र सुटे झाले होते, मध्ये पाय मोडलेला. आठशे पिशव्यांवर. दोष सर्वस्वी माझा होता. मी त्या पुन्हा करून दिल्या.

तेव्हापासूनचा नियम: कोरलमधली (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली) फाइल पाठवताना सगळी अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे ती अक्षरं न राहता आकार होतात आणि कुठेही उघडली तरी मोडत नाहीत. जोडाक्षरं, रफार, ऋकार, अनुस्वार यांवर बोट ठेवून वाचायचं. आणि मजकूर दुकानाशी संबंध नसलेल्या एका माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. आपल्याला आपलं नाव पाठ असतं, म्हणून चूक दिसत नाही.

अक्षराची जाडीही पाहा. देवनागरीत शिरोरेषा, मात्रा आणि वेलांटी एकमेकांजवळ असतात. जाडसर कापडावर बारीक अक्षर छापलं की शाई पसरते आणि "षी"ची वेलांटी भरून जाते. पेनावर पॅड छपाईत (रबरी ठशासारख्या छपाईत) बारीक शिरोरेषा मधेच तुटते. म्हणून कापडावर जाड, मोकळा फॉन्ट. पेनावर फक्त नाव. स्टील आणि लाकडावर लेझरनं कोरून घ्या, ते पुसलं जात नाही.

छपाई टिकते का, हे पाहायला दोन सोप्या चाचण्या आहेत. टणक वस्तूवर सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. शाई टेपवर आली तर माल परत. कापडावर ओला पांढरा रुमाल वीस वेळा घासा. रुमाल पांढराच राहिला पाहिजे.

रंगासाठी "आपला नेहमीचा हिरवा" असं सांगू नका. पँटोनचा, म्हणजे रंगांच्या ठरलेल्या तक्त्यातला नंबर द्या, किंवा रंगाचा तुकडा जोडा. मोबाइलवर दिसणारा हिरवा आणि मांजरपाटाच्या पिवळसर पोतावर उतरणारा हिरवा एक नसतो.

ऑर्डर आणि वेळ

दिवाळीच्या भेटीची ऑर्डर गणपतीआधी द्या. पितृपक्ष संपला की सगळे छपाईवाले एकदम भरून जातात, आणि घाईतल्या कामात पहिली काट तपासणीला बसते. कॅलेंडरचं काम सप्टेंबरात सुरू झालं तर डिसेंबरात हातात येतं. खरिपाची भेट मेच्या पहिल्या पंधरवड्यात दुकानात हवी. बियाणं न्यायला माणूस येतो तेव्हा ती द्यायची.

छापलेला एक पूर्ण नमुना बनवून घ्या, त्यावर तारीख घालून सही करा, आणि तो स्वतःकडे ठेवा. वाद झाला तर बोलायला तोच असतो. कागदावर लिहून घ्या: कापड किंवा स्टील कोणतं, माप, रंग, छपाईचा प्रकार, नग, खराब निघाले तर बदलून किती दिवसांत, आणि पोहोचवण्याची तारीख. पूर्ण पैसे आधी देऊ नका. अर्धे आगाऊ, अर्धे माल तपासून. माल आला की वरचा खोका उघडून समाधान मानू नका. मधल्या आणि तळाच्या खोक्यातून दहा-दहा नग काढा.

मागणीपेक्षा पाच टक्के जास्त करा. उद्घाटनाला आलेला पोस्टमन, शेजारच्या दुकानातला मुलगा, हे यादीत नसतात आणि त्यांना रिकाम्या हातानं पाठवणं शोभत नाही.

देणं आणि मागोवा घेणं

काउंटरवर ढीग लावून "घ्या एक" म्हटलं की वस्तूची किंमत तिथेच उतरते. हातात द्या, दोन हातांनी द्या, आणि कशासाठी ते एका वाक्यात सांगा. त्या कृषी केंद्राच्या मालकांनी प्रत्येकाला नळी देताना कुठे लावायची ते विचारलं होतं. "घराच्या आडोशाला नको बरं का तात्या, उघड्यावर लावा." ज्याला तसं सांगितलं त्यानं ती लावली.

मग नोंद ठेवा: कोणाला, कधी, काय दिलं. तीन महिन्यांनी पाहणी करा. पिशवी दिली असेल तर बाजाराच्या दिवशी तासभर काउंटरवर बसून मोजा, आपल्या किती पिशव्या परत आल्या. बाटली दिली असेल तर गिऱ्हाइकाच्या टेबलावर दिसते का ते पाहा. पर्जन्यमापक दिला असेल तर गिऱ्हाइकाला सरळ विचारा, काल किती झाला. त्यानं मिलिमीटरमध्ये सांगितलं तर नळी कामाला आहे.

आणि वस्तू कशानं मोडतेय ते खास विचारा. एका किराणा दुकानाच्या पिशव्या आम्ही दोन वर्षं केल्या. तिसऱ्या वर्षी एक आजी जुनी पिशवी घेऊन दुकानात आल्या. बंद दोनदा घरी शिवलेला, पण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, आणि अजून वापरात. "दुसरी असेल तर द्या, हिचा बंद सारखा सुटतो." मालकांनी ती जुनी पिशवी ठेवून घेतली आणि माझ्याकडे पाठवली. आजींनी टाका जिथे घातला होता, तिथेच आम्ही आता फुलीची शिवण घालतो.